रोड किंगला स्टिरिओवाली बॅटविंग फेअरिंग घ्यायचीय, ऑनलाइन सगळं आत बसवून मिळतंय ते घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की हार्लेची २०१५ ची रोड किंग मोटरसायकल आहे, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहता, वीकेंडला लांब रपेट असते आणि ऑनलाइन तीन-चारशे डॉलरला काच, स्पीकर, ब्लूटूथ सगळं आत बसवलेली बॅटविंग (हँडलपुढे बसणारं, वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचं वारा अडवणारं कवच) मिळतेय, ती घ्यावी का. माझं स्पष्ट मत आहे की नका घेऊ. फेअरिंग वेगळी घ्या, स्टिरिओ वेगळा घ्या, आणि पैसे कमी पडत असतील तर आधी चांगली फेअरिंग बसवा, स्पीकर पुढच्या वर्षी टाका. कारण स्टिरिओ कधीही बदलता येतो, पण फायबरचं कवच पातळ निघालं, ब्रॅकेट ढिलं निघालं किंवा स्पीकरची भोकं भलत्याच मापाची निघाली तर सगळंच फेकून द्यावं लागतं.

मी आणि माझे दोन मित्र मिळून आमच्या गॅरेजात ही कामं करतो, बहुतेक हार्ले आणि थोड्या जपानी क्रूझर. त्यामुळे ही स्वस्तातली पॅकेजेस उघडून बघितलेली आहेत. बाहेरून काळी चकचकीत दिसते, पण उलटी करून आतून बघा. जिथे ब्रॅकेटचा बोल्ट जातो त्या भोकाच्या कडेला फायबर जाड केलंय का, मागे धातूची पट्टी किंवा निदान मोठा वायसर आहे का. नसेल तर काही महिन्यांत त्या भोकापासून केसासारखी बारीक चीर निघते, आधी फक्त जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, मग आरपार. दुसरं म्हणजे स्पीकर बसतो त्या रिंगला मागून अंगठ्याने जोरात दाबा. ती लवली तर तो स्पीकर कितीही भारी असू दे, कवचच थरथरणार आणि गाण्याऐवजी खरखर ऐकू येणार.

आता वाऱ्याचं. फेअरिंग ही मुळात वाऱ्यासाठी असते हे लोक स्टिरिओच्या नादात विसरतात. बॅटविंग हार्लेने १९६९ मध्ये इलेक्ट्रा ग्लाइडला आणली तेव्हापासून ती फोर्कवरच, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांवरच बसते, त्यामुळे हँडल वळलं की तीही वळते. हार्लेच्याच रोड ग्लाइडची फेअरिंग फ्रेमवर असते, तिचं वजन हँडलवर येत नाही. तुम्ही रोड किंगवर जी लावणार ती फोर्कवर येणार, म्हणजे स्पीकर, अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर), काच सगळ्याचं वजन हँडलवर आणि बाजूचा वारा आला की त्याचा धक्काही थेट हातात. तुम्ही ५८० फ्रीवेने आल्टामाँट पासवरून जात असाल तर माहितीच आहे, पवनचक्क्या उगाच नाही लावल्यात तिथे. म्हणून फेअरिंग घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न वॉटचा नाही, वजनाचा विचारा, आणि अँप शक्यतो फेअरिंगमध्ये न ठेवता सॅडलबॅगेत जातो का ते बघा. आणि बसवायच्या आधी स्टिअरिंगचं बेअरिंग, पुढच्या टायरची हवा आणि टायरची झीज तपासून घ्या, कारण आधीच थोडं वॉबल, म्हणजे हँडल डगमगणं असेल तर फेअरिंगने ते वाढतं, आणि तेही ताशी ७० मैलांना, जिथे तुम्हाला ते अजिबात नको असतं.

फिटिंगबाबत तुमचं एक सोपं आहे. रोड किंगची काढता येणारी विंडशील्ड ज्या पॉइंटवर अडकते त्याच पॉइंटवर अडकणाऱ्या बॅटविंग मिळतात, त्या घ्या, म्हणजे शहरात नको तेव्हा काढून ठेवता येते. फक्त वर्ष बघून घ्या. २०१४ पासून टूरिंग मॉडेल्सचा फोर्क ४९ मिमीचा झाला, त्याआधी ४१ मिमीचा होता, आणि "रोड किंगला बसते" एवढंच लिहिलेलं असेल तर ती जुन्या मापाची असू शकते. पासिंग लॅम्प (हेडलाइटच्या बाजूचे जादा दिवे) आणि इंडिकेटरची दांडी आड येते का, ती खाली सरकवायचं ब्रॅकेट सोबत आहे का की वेगळं विकत घ्यायचंय, हेही विचारून घ्या, कारण पार्सल उघडल्यावर सगळ्यात जास्त चिडचिड याचीच होते.

ऑर्डर द्यायच्या आधी अर्धा तास काढा आणि पुठ्ठ्याचा साचा बनवा. जाहिरातीत रुंदी, उंची, खोली दिलेली असते, त्या मापाचा खोक्याचा पुठ्ठा कापून विंडशील्डच्या जागी टेपने चिकटवा आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. टाकीला लागतं का, ब्रेकच्या डबीला लागतं का, क्लचची केबल किंवा नळी ताणली जाते का, मिटर झाकले जातात का, सगळं घरबसल्या कळतं. तुमचं हँडल ओरिजिनल असेल तर बहुतेक अडचण येणार नाही, पण एप हँगर (खूप उंच हँडल) किंवा मागे वळवलेलं हँडल टाकलं असेल तर हे केल्याशिवाय पैसे भरूच नका.

काचेची उंची हा वेगळाच विषय आहे आणि यात दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, कारण ती तुमच्या उंचीवर आणि सीटवर ठरते. नेहमीच्या पोझमध्ये बसल्यावर काचेची वरची कड साधारण नाकाच्या शेंड्याच्या रेषेत यावी, म्हणजे तुम्ही काचेवरून रस्ता बघता, काचेतून नाही. पावसात आणि रात्री समोरून लाइट आल्यावर याची किंमत कळते. कड फार खाली असली तर वारा छातीला लागत नाही पण बरोबर हेल्मेटवर येऊन आदळतो आणि डोकं सतत हलतं, मान दुखून येते. काच पॉलीकार्बोनेटची असेल तर अमोनियावालं खिडकीचं क्लीनर तिला कधीही लावू नका, बारीक तडे जातात, साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे.

स्टिरिओकडे येऊ. जाहिरातीत "६०० वॉट" लिहिलेलं असतं ते पीक, म्हणजे क्षणभराचं असतं, त्याला काही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॉट किती ते बघा आणि ते लिहिलेलंच नसेल तर पान बंद करा. दुसरं, वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे वॉटच्या मागे धावण्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटवर तो किती मोठा वाजतो ते बघा. ८८ ऐवजी ९२ डेसिबलवाला स्पीकर घेतला तर तेवढ्याच अँपवर तो अडीचपट वॉट दिल्यासारखा वाजतो, आणि बॅटरीवर एक पैशाचा जास्तीचा भार नाही. साइज साडेसहा इंची मिळत असेल तर सव्वापाचपेक्षा तीच बरी. आणि फेअरिंगला आतलं कव्हर, म्हणजे इनर फेअरिंग आहे का ते नक्की बघा. नुसतं बाहेरचं कवच आणि त्यावर उघडे स्पीकर असतील तर स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, बेस उरतच नाही, तबला-ढोलकीऐवजी पत्र्याचा डबा वाजल्यासारखं होतं.

वॉटरप्रूफ या शब्दावर विश्वास ठेवू नका, आयपी नंबर, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा ठरलेला दर्जा मागा. आयपीएक्स५ किंवा ६ म्हणजे पाण्याचा जोराचा फवारा सहन करतो, आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. बऱ्याचदा नंबर फक्त प्लेअरच्या समोरच्या बाजूचा असतो, मागे वायरी उघड्याच. बोटींसाठी बनवलेले प्लेअर आणि स्पीकर या कामाला छान, रॉकफर्ड फॉसगेट, जेएल ऑडिओ, केनवूड अशांचे मिळतात, ते ऊन आणि पाणी दोन्ही धरून बनवलेले असतात. अँप क्लास डी चाच घ्या, कमी तापतो आणि करंटही कमी खातो. हिशोब असा की २०० वॉट आरएमएस पूर्ण जोरात वाजले तर साधारण १७ अँपिअर लागतात, प्रत्यक्ष गाण्यात सरासरी त्याच्या बरीच खाली असते. तुमच्या टूरिंगला ते झेपतं, पण लहान क्रूझरवाला कोणी हे वाचत असेल तर त्याने आधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ऑल्टरनेटरचं आउटपुट बघावं.

वायरिंगला मात्र हात लावताना जपून. २०१४ पासूनच्या टूरिंगमध्ये कॅन बस, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणारं नेटवर्क आहे, त्यामुळे हेडलाइटच्या किंवा इंडिकेटरच्या वायरीला टोचून करंट घेतला की एरर कोड येऊ शकतात. प्लेअरची पिवळी वायर फ्यूज लावून थेट बॅटरीवर, फ्यूज बॅटरीच्या जवळ, काळी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि लाल वायर गाडीच्या अॅक्सेसरी कनेक्टरवरून. अँपचा जाड करंटही बॅटरीवरूनच, त्याला स्वतःचा वेगळा फ्यूज. काळी वायर कुठेतरी फ्रेमच्या रंगवलेल्या बोल्टला लावली की अॅक्सिलरेटर वाढवला की स्पीकरमधून कुईं असा आवाज येतो, आणि लोक नवा स्पीकर घेऊन येतात.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. फ्रीवेवर ६५-७० मैलांना हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं. त्यावर मात करून गाणं ऐकू यावं म्हणून व्हॉल्यूम वाढवत गेलात तर कान कायमचे जातात, ते परत येत नाहीत. म्हणून चांगली काच आणि शांत हेल्मेट हाच खरा स्टिरिओचा अर्धा भाग आहे, वारा जितका कमी तितका कमी व्हॉल्यूम पुरतो. शिवाय कॅलिफोर्नियात गाडीतला आवाज ५० फुटांवर ऐकू आला तर तिकीट मिळू शकतं, आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून चालवायलाही मनाई आहे. मुख्यतः नेव्हिगेशन आणि फोनच ऐकायचे असतील तर सेना किंवा कार्डो कंपनीचं हेल्मेटमध्ये बसणारं ब्लूटूथ युनिट स्वस्त पडतं, फक्त स्पीकर एकाच बाजूला ठेवा.

फोन फेअरिंगवर किंवा हँडलवर लावून गाणी लावायचा विचार असेल तर आयफोन नको, मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेरा खराब होऊ शकतो असं अॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. खिशात ठेवा, ब्लूटूथ पोचतं.

रंगाचा खर्च आधीच धरा. कच्ची जेलकोटवाली फेअरिंग गाडीच्या रंगात रंगवायला बऱ्याचदा फेअरिंगच्या किमतीइतकेच पैसे जातात, त्यामुळे तुमची गाडी काळी असेल तर तुम्ही नशीबवान. रंगवायला द्यायच्या आधी एकदा कोरी बसवून, सगळी भोकं पाडून, आठवडाभर चालवून बघा, रंगवल्यावर कानस मारायची वेळ येऊ नये. बोल्टना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावा, लाल नको, आणि पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. गाडीचा समोरून आणि हँडल पूर्ण वळवलेला असे दोन फोटो टाकलेत तर कुठलं ब्रॅकेट लागेल ते सांगतो.