वाचकांचे प्रश्न : गायिका बदलली, अल्बम बदलला का?

'नाइटविश' या फिनलंडमधील सिंफनिक मेटल (पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि विजेच्या गिटारींचे जोरकस रॉक संगीत यांचा मेळ) वृंदाच्या 'डार्क पॅशन प्ले' या २००७ सालच्या अल्बमविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत. ज्यांना पूर्वपीठिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, १९९६ मध्ये कितेए या लहानशा गावात कीबोर्डवादक आणि संगीतकार तुओमास होलोपाइनेन यांनी हा वृंद सुरू केला. पहिली नऊ वर्षे त्याची ओळख तार्या तुरुनेन यांच्या ऑपेराच्या वळणाच्या सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीच्या) आवाजाशी जोडलेली होती. २१ ऑक्टोबर २००५ रोजी हेलसिंकीतील मैफल आटोपल्यावर वृंदाने त्यांना पत्र देऊन दूर केले आणि तेच पत्र जाहीरही केले. त्यांच्या जागी स्वीडनच्या अनेट ओल्झोन आल्या. त्यांच्या आवाजातला पहिला अल्बम म्हणजे 'डार्क पॅशन प्ले'.

प्रश्न : तार्यांच्या काळातला 'वन्स' हा अल्बम मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलो आहे. त्या आवाजातील भव्यता मला 'डार्क पॅशन प्ले'मध्ये कुठेच सापडत नाही. अनेटचा आवाज वाईट नाही. पण तो पॉप गाण्याचा आवाज आहे, आणि त्याच्यामागे एवढा मोठा वाद्यवृंद उभा करणे मला नाकापेक्षा मोती जड असे वाटते. माझ्या ऐकण्यात काही चुकते आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपले ऐकणे चुकत नाही; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पूर्णपणे मान्य नाही. हे दोन आवाज वेगळ्या जातीचे आहेत, यात वाद नाही. तार्या यांनी फिनलंडमधील सिबेलियस अकादमीत आणि नंतर जर्मनीत कार्ल्सरूए येथे गायनाचे रीतसर शिक्षण घेतले. अशा तालमीतली गायिका उंच स्वरावर जाताना जबडा अधिक उघडते आणि मुखातील अनुनाद त्या स्वराशी जुळवून घेते. त्यामुळे स्वर विजेच्या गिटारींच्या भिंतीवरूनही पलीकडे पोहोचतो. परंतु त्याची किंमत शब्दांना मोजावी लागते, कारण त्या उंचीवर 'आ', 'ए' आणि 'ओ' एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात. 'वन्स'मधील शब्द कळत नाहीत, अशी तक्रार तेव्हा पुष्कळ श्रोते करीत असत, हे आता आपण सारेच विसरलो आहोत.

अनेट यांचा आवाज मध्य सप्तकात मोकळा आणि पुढे येणारा आहे. त्यांची व्यंजने स्वच्छ असतात, आणि स्वर लांबवण्यापेक्षा शब्द पोहोचवण्याकडे त्यांचा कल असतो. तेव्हा विचारायचे ते एवढेच की, या अल्बममधील रचना कोणत्या आवाजाची मागणी करतात? येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वाद्यांचे ध्वनिमुद्रण २००६ च्या शरदात सुरू झाले, आणि अनेट यांचे नाव २००७ च्या मे महिन्यात जाहीर झाले. म्हणजे पूर्वीच्या अल्बमांप्रमाणे एका ठरावीक गळ्याचे माप घेऊन ही गाणी बेतलेली नव्हती. त्यामुळे बऱ्याच चाली मधल्या पट्टीत फिरतात, एका ओळीत पुष्कळ अक्षरे बसवतात आणि कथन करीत पुढे जातात. 'एव्हा' हे गाणे ऐकावे. घर सोडून निघालेल्या मुलीची ही गोष्ट ऑपेराच्या आवाजात सांगितली असती, तर तिच्यातला एकटेपणा भव्यतेखाली दबून गेला असता. अनेट ती जवळ बसून सांगितल्यासारखी गातात. अखेरचे 'मेडोज ऑफ हेवन' आणि 'अमरांथ'चे ध्रुवपद यांविषयीही मी हेच म्हणेन.

याउलट 'साहारा' आणि 'सेव्हन डेज टू द वुल्व्ज' या दोन गाण्यांत मी आपल्या बाजूला आहे. तेथे ध्रुवपदाच्या खाली गिटार, समूहगान आणि तंतुवाद्ये एकदम येऊन बसतात, आणि गायिकेचा आवाज त्यावर उभा राहण्याऐवजी त्यातच मिसळतो. अनेट यांचे गाणे तेथे चुकत नाही, पण अपुरे पडते. थोडक्यात, निम्म्याहून अधिक अल्बम त्यांना शोभतो आणि उरलेल्यात त्यांची जागा थोडी रिकामी वाटते.

बालगंधर्वांनी गाजवलेली पदे पुढे दुसऱ्या कुणी गायली की, आपल्याकडचा नाट्यसंगीताचा रसिक पहिल्या आलापापासून तुलना सुरू करीत असे, आणि नवा गायक काय करतो आहे हे ऐकायला त्याला बराच वेळ लागत असे. फरक इतकाच की, येथे पदेही नवी होती, आणि तरीही ती जुन्याच मापाने मोजली गेली.

प्रश्न : मी मडगावला पियानो शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीने मला हा अल्बम ऐकवला. वाद्यवृंद खरा आहे की कीबोर्डवर तयार केलेला, असा आमचा वाद झाला. मला तो खरा वाटला, पण तंतुवाद्यांचे तपशील ऐकू येत नाहीत आणि सगळे काही एकाच जोराने वाजत असल्यासारखे वाटते. असे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : वाद्यवृंद खरा आहे, आणि तुम्हाला जाणवलेला सपाटपणाही खरा आहे. वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत झाले आणि त्याची मांडणी पिप विल्यम्स यांनी केली. 'वन्स'चीही त्यांनीच केली होती. समूहगानासाठी प्रशिक्षित गायकांचा मोठा गट होता, 'मेडोज ऑफ हेवन'साठी गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) गायकही घेतले होते. खर्च सुमारे पाच लाख युरोंच्या घरात गेला आणि तोवरचा फिनलंडमधील सर्वांत महागडा अल्बम म्हणून त्याची चर्चा झाली. श्रोत्यांपैकी अनेकांचे म्हणणे आहे की पैसा ऐकू येतो. मला वाटते, काही ठिकाणी तो जरा जास्तच ऐकू येतो.

आता तपशील कुठे जातो ते पाहू. विकृत ध्वनीची मेटल गिटार हे फार जागा खाणारे वाद्य आहे. तिचे उपस्वर मधल्या पट्टीपासून वरपर्यंत पसरतात, आणि नेमक्या त्याच प्रदेशात व्हायोला, दुसरे व्हायोलिन आणि मानवी आवाज राहत असतात. त्यात ड्रमवादक युक्का नेवालाइनेन यांच्या दोन पायांनी वाजवलेल्या बेस ड्रमची सलग भर पडते. मिक्सिंग (मुद्रित केलेल्या सगळ्या ध्वनींची एकत्र जुळणी) करणाऱ्याला मग प्रत्येक थराची मधली आणि खालची बाजू कापून वरची कड तेवढी शिल्लक ठेवावी लागते. पितळी वाद्ये त्यातून तरतात, कारण त्यांचा स्वर मुळात कडक असतो. तंतुवाद्ये मात्र केवळ एक झळाळी म्हणून उरतात. त्यावर अखेरच्या टप्प्यात एकूण आवाज उंचावण्यासाठी चढ-उतार दाबले जातात. ही त्या दशकातील जवळपास सगळ्याच मोठ्या अल्बमांची सवय होती. चढ-उतार हाच ज्याचा प्राण आहे अशा वाद्यवृंदाला त्याचा सर्वांत अधिक फटका बसतो.

तुमच्यासारख्या जाणत्या कानाला एक उपाय सुचवतो. या अल्बमची दोन तबकड्यांची आवृत्तीही निघाली होती, आणि तिच्या दुसऱ्या तबकडीवर हीच गाणी गायनाशिवाय आहेत. विद्यार्थिनीबरोबर 'द पोएट अँड द पेंड्युलम' आधी त्या तबकडीवरून ऐका. जवळपास चौदा मिनिटांची ही पाच भागांची रचना आहे. मधल्या शांत भागात लाकडी सुषिर वाद्ये आणि तंतुवाद्ये एकमेकांना उत्तरे कशी देतात, आणि गिटारी परत आल्यावर तीच ओळ पितळी वाद्यांकडे कशी सोपवली जाते, हे तेथे उघड ऐकू येते. त्यानंतर गायनासह ऐकले की, गळा नेमका कोणत्या वाद्याची जागा घेतो हेही कळते. गायिकेवरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही तबकडी ऐकायला हवी होती, असे माझे प्रामाणिक मत आहे. कारण पुष्कळदा अनेट यांच्या नावावर खपवलेली तक्रार खरे म्हणजे मिक्सिंगविषयीची असते.

शिवाय 'लास्ट ऑफ द वाइल्ड्स' ही रचना मुद्दाम ऐकावी. ती मूळचीच गायनाविना आहे. ट्रॉय डोनॉक्ली यांनी त्यात आयरिश 'इलिअन पाइप्स' वाजवले आहेत. कोपराखालच्या भात्याने हवा भरायचे हे वाद्य मेटलच्या गोंगाटातही सहज वेगळे उमटते. पुढे याच चालीवर फिनिश शब्द बसवून 'इंदिका' या वृंदाच्या गायिका योन्सू यांच्या आवाजात ती निघाली. चालीला गळ्याची उणीव होती का, याचे उत्तर दोन्ही एकापाठोपाठ ऐकून तुम्हीच ठरवावे.

प्रश्न : 'बाय बाय ब्यूटिफुल' आणि 'मास्टर पॅशन ग्रीड' ही गाणी जुन्या गायिकेवर आणि तिच्या पतीवर लिहिली आहेत, असे म्हणतात. मग ती नव्या गायिकेला गायला लावणे योग्य होते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिल्या गाण्याचा रोख तार्यांकडे आहे, हे संगीतकाराने लपवलेले नाही, दुसऱ्याविषयी श्रोत्यांमध्ये आपण म्हणता तोच समज रूढ आहे. 'मास्टर पॅशन ग्रीड' मात्र अनेट यांनी गायलेले नाही, ते तेव्हाचे बेसवादक मार्को हिएताला यांनी गायले आहे. संगीत म्हणून ते मला या अल्बममधील सर्वांत कमजोर गाणे वाटते. एकाच रिफवर (गिटारीच्या त्याच त्या छोट्या सुरावटीवर) राग उगाळत राहिल्याने त्याची धार गेली आहे. 'बाय बाय ब्यूटिफुल'मध्येही ध्रुवपदाची मुख्य ओळ हिएताला यांच्याकडे आहे. तरीही नव्याने आलेल्या व्यक्तीला जुन्या भांडणाच्या गाण्यात उभे करणे मला अनुचितच वाटते, आणि श्रोत्यांचा रोष निष्कारण त्यांच्या वाट्याला येण्यास त्याचा हातभार लागला असावा.

प्रश्न : मी गेली काही वर्षे कॅनडात आहे आणि 'नाइटविश' मला फ्लोर यान्सेन यांच्या मैफलींच्या चित्रफितींमुळे कळला. त्या जुनी सोप्रानो गाणीही गातात आणि अनेटच्या काळातलीही. त्यांना ऐकल्यावर मूळ 'डार्क पॅशन प्ले' फिका वाटतो. म्हणजे अनेट या केवळ मधला दुवा होत्या, असे समजावे का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : असे मत आज बरेच श्रोते मांडतात, आणि ते मला थोडे अन्यायाचे वाटते. फ्लोर यान्सेन २०१२ च्या शरदात चालू दौऱ्यातच अनेट यांच्या जागी आल्या, आणि २०१३ साली जर्मनीतील 'वाकेन' महोत्सवात त्यांनी गायलेले 'घोस्ट लव्ह स्कोर' जगभर पाहिले गेले. छातीतून काढलेला मोकळा आवाज, ऑपेराचा आवाज आणि गरज पडल्यास गुरगुरणे, अशा तिन्ही तऱ्हा त्यांच्या गळ्यात आहेत. एवढा पल्ला असलेल्या गायिकेशी तुलना केल्यावर कोणीही फिके पडेल. परंतु मैफलीत गाजलेले गाणे आणि स्टुडिओत घडलेला अल्बम यांची तुलना करताना आपण एका बाजूला प्रेक्षकांचा जल्लोष, दिव्यांचा झगमगाट आणि गायिकेचा चेहरा जमेस धरतो, तर दुसऱ्या बाजूला केवळ ध्वनी.

'द पोएट अँड द पेंड्युलम' हे गाणे यान्सेन यांच्याकडून ऐकताना त्यातील उग्र भाग निःसंशय अधिक भेदक वाटतो. मात्र अखेरच्या भागात, जेथे संगीतकार स्वतःच्याच मृत्यूची कल्पना करून आईवडिलांपाशी परततो, तेथे मी अजूनही मूळ ध्वनिमुद्रणाकडे वळतो. गाण्याच्या सुरुवातीला एका मुलाचा सोप्रानो आवाज येतो. त्या कोवळ्या स्वराशी अनेट यांचा साधा, अलंकार नसलेला आवाज जुळतो, आणि मोठ्या गळ्याने ते नाते टिकत नाही. आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आपण ज्या अल्बमला दुवा म्हणता, तो फिनलंड आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. रुसलेल्या श्रोत्यांचा आवाज मोठा असतो. विकत घेऊन निमूटपणे ऐकणारे पत्रे लिहीत नाहीत.

प्रश्न : आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीला हा अल्बम फार आवडतो. तिच्याबरोबर बसून ऐकावे अशी आम्हा दोघांची इच्छा आहे, पण आम्ही भावगीतांवर वाढलेली माणसे आहोत. पाऊण तासात डोके दुखू लागते. कुठून सुरुवात करावी?
— एक दांपत्य, नाशिक

उत्तर : अल्बम सव्वा तासाचा आहे, आणि तो एका बैठकीत ऐकावा असे कुणाचेही बंधन नाही. पहिल्या गाण्याने मुळीच सुरुवात करू नका, कारण तेच सर्वांत लांब आणि सर्वांत गजबजलेले आहे. दहाव्या क्रमांकाचे 'दि आयलँडर' आधी लावा. त्यात साधी गिटार, पाइप्स आणि हिएताला यांचा करडा आवाज आहे. समुद्रकाठच्या दीपगृहात एकट्या राहिलेल्या वृद्धाचे ते गाणे आहे, आणि अनेट तेथे मागून हलकेच साथ करतात. त्यानंतर 'एव्हा', मग 'मेडोज ऑफ हेवन'. चाल ओळखीची झाली की 'अमरांथ' ऐकावे, म्हणजे तोच गळा वेगवान ड्रमवर कसा चालतो हे लक्षात येईल. भावगीत ऐकणाऱ्या कानाला शब्द हवे असतात, म्हणून मुलीकडून आधी गाण्याचा अर्थ समजून घ्यावा. तिला सांगायला आवडेल. आवाज मात्र स्पीकरवर मध्यम ठेवावा. या अल्बममध्ये शांत जागा कमी असल्याने हेडफोनवर कान लवकर शिणतात, आणि आपल्या डोकेदुखीचे कारण बहुधा तेच असावे. चौदा मिनिटांची पहिली रचना पुढच्या एखाद्या रविवारी, आणि तीही मुलीने निवडलेल्या भागापासून ऐकावी.