वाचकांचे प्रश्न : हात न लावलेली फाइल मेकला शिळी का वाटते?

प्रश्न : मित्राच्या गिट क्लोनमधून (गिटने उतरवलेल्या कोडच्या प्रतीतून) जीसीसी या कंपायलरचा सोर्स कोड पेनड्राइव्हवर आणला. एक अक्षरही बदललं नाही, तरी मेक चालवल्यावर बिल्ड (सोर्सपासून प्रोग्रॅम बांधणं) मध्येच थांबतं आणि 'ऑटोमेक-१.१५ सापडत नाही' म्हणतं. माझ्याकडे १.१६ आहे. मेकफाइलमधला आकडा बदलू का?
— एक विद्यार्थी, औसा (जि. लातूर)

उत्तर : आकड्याला हात लावू नका. मेक हे बिल्ड चालवणारं साधन, मेकफाइल ही त्याला दिलेल्या सूचनांची फाइल, आणि ऑटोमेक हे त्या सूचनांचा साचा तयार करणारं साधन. नांदेडला शिकताना मी नेमकं हेच केलं होतं. नव्या ऑटोमेकने जनरेटेड, म्हणजे साधनांनी आपोआप तयार केलेल्या फाइली पुन्हा लिहून काढल्या आणि माझ्या चार ओळींच्या दुरुस्तीचा पॅच (पाठवायच्या बदलांची फाइल) हजारो ओळींचा झाला. तपासणाऱ्याने तो परत पाठवला, आणि त्याचं बरोबरच होतं. जीसीसीत जनरेटेड फाइलींचे फरक पॅचमध्ये जोडायचे नसतात.

एखादी फाइल पुन्हा बनवायची का हे ठरवताना मेक तिच्यात काय लिहिलंय ते वाचत नाही, फक्त ती शेवटची बदलल्याची वेळ बघतं. मेकफाइल.इन ही मेकफाइल.एएमपासून तयार होते, म्हणून ती नंतरची असायला हवी. गिट मूळ वेळ जपत नाही आणि साध्या कॉपीत प्रत्येक फाइलवर कॉपी झाल्याची वेळ पडते. क्रम उलटा झाला, की मेकला तयार फाइल शिळी वाटते आणि ते ऑटोमेक मागायला लागतं. जीसीसीच्या लोकांना हे दुखणं जुनंच ठाऊक आहे. त्यासाठी कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये 'जीसीसी_अपडेट' नावाची स्क्रिप्ट ठेवलीय. सोर्सच्या मुख्य फोल्डरमधून ती '--टच' देऊन चालवा, वेळा रांगेला लागतील. मग सोर्सच्या बाहेर वेगळा, कोरा फोल्डर करून तिथूनच कॉन्फिगर ही बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट चालवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपल्याकडच्या लाइटमुळे सांगतेच. कंट्रोल-सी दाबलं तर मेक अर्धवट फाइल स्वतः पुसतं. लाइट गेली तर त्याला ती संधीच मिळत नाही. शून्य बाइटची .ओ फाइल (कंपाइल झालेल्या तुकड्याची ऑब्जेक्ट फाइल) मागे राहू शकते, आणि तिची वेळ ताजी असल्याने मेक तिला तयार समजतं. लाइट आल्यावर अशा रिकाम्या फाइली आधी शोधून पुसा, मगच मेक चालवा.

जीसीसी स्वतःला तीन फेऱ्यांत बांधतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या ऑब्जेक्ट फाइली ताडून बघतो. तिथे फरक निघाला, तर स्क्रीनवरचा निरोप जसाच्या तसा मला कळवा.