नव्या कारची विक्री मंदावली, म्हणजे आजच्या तरुणांना स्वतःची गाडी नकोशी झाली आहे का?

तुम्ही विचारलंय की गाड्यांची विक्री घटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्याचं कारण म्हणून 'नव्या पिढीला गाडीची मालकी नको, ती ओला-उबरने फिरते' असं सांगितलं जातं, ते कितपत खरं आहे? माझं उत्तर असं: मुंबईसारख्या शहरातल्या काही लोकांपुरतं ते खरं आहे. बाकी देशापुरतं नाही. बाकीच्यांना गाडी हवीच आहे, पण त्यांना परवडेल अशी गाडी बाजारातून हळूहळू नाहीशी होत गेली.

मी बरीच वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम केलं. गाडी कंपनीकडून आम्हाला दर महिन्याचं शेड्यूल यायचं: कोणता पार्ट, किती नग, कोणत्या तारखेला. मंदी आली की पेपरात छापून यायच्या आधी ती आम्हाला त्या शेड्यूलमध्ये दिसायची. २०१८च्या दिवाळीनंतर आकडे खाली यायला लागले आणि २०१९च्या पावसाळ्यात तर महिन्याच्या मध्येच शेड्यूल कापलं जाऊ लागलं. मग ब्लॉक क्लोजर, म्हणजे लागून सुट्ट्या. कायम कामगारांचं कसंबसं निभावलं. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली कंत्राटी पोरं मात्र खोल्या सोडून गावी गेली. त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

त्याच सुमारास, १० सप्टेंबर २०१९ला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईत म्हणाल्या की वाहन उद्योगाच्या अडचणीला बीएस-६ या नव्या, कडक प्रदूषण मानकांबरोबरच नव्या पिढीची मानसिकताही कारण आहे. त्यांच्या मते, हप्त्यात अडकण्यापेक्षा हे तरुण ओला, उबर किंवा मेट्रो पसंत करतात. आदल्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, कार आणि तत्सम प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून जास्त पडली होती. सियाम ही कंपन्यांची संघटना १९९७-९८पासून हे आकडे ठेवते, आणि तोवर इतकी मोठी मासिक घसरण कधी झाली नव्हती.

आता विचार करा, कोणत्याही पिढीची मानसिकता एका वर्षात इतकी बदलते का? त्या वर्षी प्रत्यक्षात काय काय घडलं होतं ते एकेक आठवून पाहा. सप्टेंबर २०१८मध्ये आयएलअँडएफएस ही मोठ्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी बडी वित्तकंपनी बुडीत निघाली आणि वाहनकर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्तसंस्थांकडचा पैसा आटला. छोट्या गावांत गाडीचं कर्ज अशाच संस्था देतात. त्याच महिन्यापासून नव्या कारचा तीन वर्षांचा आणि दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. तो पैसा पहिल्याच दिवशी खिशातून जाऊ लागला. २०१९मध्ये एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. हे व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण किंमत वाढली. आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू होणार असल्यामुळे 'थांबा, जुना माल सवलतीत निघेल' म्हणणारेही पुष्कळ होते.

आणखी एक गोष्ट बघा. २०१८-१९मध्ये देशात ३३.७७ लाख प्रवासी वाहनं विकली गेली, २०१९-२०मध्ये २७.७३ लाख. म्हणजे सुमारे १८ टक्के घट. पण त्याच वर्षी दुचाकींची विक्रीही जवळपास तेवढीच घटली आणि ट्रक-टेम्पोंची तर जवळजवळ २९ टक्क्यांनी. ट्रक घेणारा वाहतूकदार काही मेट्रोने जायला लागला नव्हता. माल कमी हलत होता आणि पैसा मिळत नव्हता. पुढे करोना आला, चिपचा तुटवडा आला, आणि तरीही २०२२-२३मध्ये ३८.९ लाख, २०२३-२४मध्ये ४२ लाख, २०२४-२५मध्ये ४३ लाख गाड्या विकल्या गेल्या. ज्यांना गाडी नकोशी झाली होती म्हणे, त्याच वयाच्या लोकांनी तीन वर्षांत विक्रम केला.

मात्र या विक्रमाच्या आत शिरून पाहिलं तर मन खट्टू होतं. २०२४-२५मधल्या विक्रीत ६५ टक्के वाटा एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या गाड्यांचा होता. पाच लाखांच्या आतल्या गाड्या २०१५-१६मध्ये नऊ लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या. २०२४-२५मध्ये तो आकडा पंचवीस हजारांच्या आसपास आला. यातला काही भाग असा की तेच मॉडेल महाग होऊन पाच लाखांची रेघ ओलांडून गेलं. पण ज्याचा पगार त्या वेगाने वाढला नाही, त्याला ती रेघ कुणी ओलांडली याने काय फरक पडतो? दशकाहून अधिक काळ देशात सर्वांत जास्त खपणारी गाडी अल्टो होती. २०२३मध्ये अल्टो ८०० बंद झाली. नॅनो २०१८मध्येच थांबली होती. शिडीची खालची पायरीच काढून घेतली आणि मग म्हणायचं, पोरांना वर चढायची इच्छा नाही.

जरा हिशेब मांडतो. सहा लाखांची पेट्रोल गाडी घेतली तर महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे सहासष्ट हजार. विमा धरून ऑन-रोड सात लाखांच्या आसपास. दीड लाख डाऊन पेमेंट जमवलं आणि साडेपाच लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता नऊ हजारांच्या घरात. पेट्रोल, सर्व्हिसिंग, दरवर्षीचा विमा वेगळा. ज्याच्या हातात महिन्याला पंचवीस-तीस हजार येतात, तो हे वाचून शोरूमची पायरी चढेल का? मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी २०२५च्या एप्रिलमध्ये हेच सांगितलं: वर्षाला बारा लाखांहून जास्त उत्पन्न असलेली कुटुंबं देशात साधारण १२ टक्के आहेत आणि दहा लाखांच्या गाड्या तीच घेऊ शकतात.

मग बाकीचे काय करतात? बरेच जण सेकंड हँड घेतात. आपल्याकडे आता नव्यापेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात. पासष्ट-सत्तर हजार किलोमीटर चाललेली, पेट्रोलची, एकाच मालकाने वापरलेली गाडी नीट तपासून घ्यायची. यात मला काहीच कमीपणा वाटत नाही, उलट पहिल्या गाडीसाठी मी तेच सुचवेन. ज्यांना तेही जमत नाही ते दुचाकीवरच राहतात. त्यातही २०२४-२५ची दुचाकी विक्री, सुमारे १.९६ कोटी, २०१८-१९च्या २.११ कोटींपर्यंत पोचली नव्हती. मोठ्या गाड्यांचे विक्रम होत असताना दुचाकी सहा वर्षांपूर्वीच्या आकड्याच्या मागे होती. मला हा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. नाशिक फाट्यावर पावसात एका स्कूटरवर नवरा-बायको, पुढे एक पोर उभं, मधे एक पोर दाबून बसवलेलं, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. त्या कुटुंबाला गाडी नको आहे असं कुणी म्हणालं तर मला राग येतो.

आता तुमच्या प्रश्नातला खरा भाग. दृष्टिकोन बदललाय, पण जिथे पर्याय मिळाला तिथेच. माझा भाचा मुंबईत मरोळला राहतो, नोकरी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. गाडी सहज घेऊ शकतो. पण सोसायटीत पार्किंग नाही, ऑफिसात मिळत नाही, आणि मेट्रो-३ घराजवळून थेट बीकेसीला नेते. गाडी घेतली असती तर ती आठवडाभर उभीच राहिली असती. त्याच्या मित्रमंडळींतही गाडी असणं हे आता मोठेपणाचं लक्षण राहिलेलं नाही. आमच्या वेळी गाडी आली की पेढे वाटायचे, नंबर प्लेटला हार घालायचा, सगळी आळी बघायला यायची. तो मान आता मुंबईत ओसरलाय हे खरं. सांगली-लातूरला तो अजून शाबूत आहे.

आणि याच्या उलट टोकाला गोवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत देशात कार असलेली कुटुंबं ७.५ टक्के निघाली, गोव्यात ४५.२ टक्के. देशात सर्वांत जास्त. तिथलं उत्पन्न चांगलं आहे हे एक कारण झालंच. पण संध्याकाळनंतर गावाकडची बस मिळणं कठीण, आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांच्या विरोधामुळे ओला-उबर तिथे चालत नाहीत. म्हापशात काम आणि आत कुठल्या वाड्यावर घर असेल तर माणूस काय करणार? गाडी घेणार. गोव्यातल्या तरुणाची मानसिकता मुंबईच्या तरुणापेक्षा वेगळी घडलेली नाही, त्याच्या दारावरून बस जात नाही एवढाच फरक.

म्हणून रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्यात असं ज्यांना मनापासून वाटतं (मलाही वाटतं, पुण्यातली संध्याकाळची कोंडी रोज सोसलेला माणूस आहे मी), त्यांनी आधी बसकडे बघावं. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून जास्त बस होत्या, आता तीन हजारसुद्धा नाहीत. २०२५मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको असा विचार मांडला. जपानमध्ये १९६०च्या दशकापासून असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण तिथे लोकल आणि बस आधी होती. बस न वाढवता हा नियम आणला तर ज्याच्याकडे दोन पार्किंग आहेत तो दुसरी गाडी घेईल आणि चाळीत राहणाऱ्याला पहिलीही मिळणार नाही.

बातम्या वाचताना एक खबरदारी घ्या. कंपन्या जे आकडे देतात ते बहुतेक वेळा डिस्पॅचचे, म्हणजे डीलरला पाठवलेल्या गाड्यांचे असतात. ग्राहकाने प्रत्यक्ष किती नेल्या ते 'वाहन' पोर्टलवरच्या आरटीओ नोंदणीतून कळतं, आणि डीलरांची संघटना फाडा ते आकडे दर महिन्याला देते. २०२४च्या सप्टेंबरात डीलरांच्या यार्डांत ८० दिवसांहून जास्त पुरेल इतका माल पडून होता, तर फाडाच्या मते तो २१ दिवसांचा असायला हवा. वरवर पाहता त्या वर्षी कंपन्यांचे आकडे ठीक होते. यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांचं व्याज डीलर भरत होते.

आणि तुमच्या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा त्यानंतर झाली. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस (अधिभार) यावरून १८ टक्क्यांवर आला. मारुतीने त्या एका दिवसात पंचवीस हजारांहून जास्त गाड्या ग्राहकांच्या ताब्यात दिल्याचं सांगितलं, आणि दसरा-दिवाळीचा हंगाम विक्रमी गेला. आमच्या कारखान्यातल्या एका फिटरने त्याच आठवड्यात छोटी गाडी बुक केली. वय तिशीच्या आतलं, मोबाईलवर सगळी ॲप्स आहेत, मेट्रोनेही येतो-जातो. आत्ताच का घेतली असं मी विचारलं, तर म्हणाला, "काका, साठ हजारांनी स्वस्त झाली. हप्ता बसला."