‘माझा आवाज येतोय का?’ : ऑनलाइन सभांविषयी वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन सभा कशा घ्याव्यात याविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात पस्तीस सभासद असून त्यांतील निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे आहेत. काही जण मुलांकडे पुण्याला, बंगळुरूला, दुबईला राहत असल्यामुळे महिन्याची बैठक आम्ही झूमवर घेतो. चाळीस मिनिटांनी बैठक आपोआप बंद पडते आणि दर वेळी चार-पाच जणांचा आवाजच ऐकू येत नाही. पैसे भरून दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पैसे भरण्याचा निर्णय थोडा लांबणीवर टाकावा, कारण आपल्या दोन अडचणींपैकी पहिलीच पैशाने सुटेल. झूमच्या मोफत खात्यावरून बोलावलेली बैठक ४० मिनिटांनी संपते, तर गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक माणसांच्या बैठकीला ६० मिनिटे मिळतात. दोन्हींत १०० जणांना येता येते, त्यामुळे आपल्याला संख्येची चिंता नाही. जित्सी मीट या मुक्त सॉफ्टवेअरवर वेळेची अशी मर्यादा नाही. मात्र त्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर बैठक सुरू करणाऱ्याला ऑगस्ट २०२३ पासून गूगल, फेसबुक किंवा गिटहबच्या खात्याने प्रवेश करावा लागतो. सभासदांच्या फोनवर जे आधीपासून आहे आणि ज्याची बटणे त्यांच्या हाताला सवयीची झाली आहेत तेच चालू ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पस्तीस मिनिटांनी चहासाठी थांबून पुन्हा त्याच दुव्यावरून यावे, असे आधीच ठरवून ठेवले तर बैठक मध्येच तुटल्यासारखी वाटत नाही.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. फोनवर झूममध्ये आल्यावर ‘जॉइन ऑडिओ’ आणि त्यानंतर ‘वायफाय ऑर सेल्युलर डेटा’ असे पर्याय येतात. ते न दाबता माणूस आत आला तर तो सर्वांना दिसतो, परंतु बोलूही शकत नाही आणि ऐकूही शकत नाही. काहींनी अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना मायक्रोफोन वापरण्याची परवानगी नाकारलेली असते. ती फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपच्या परवानग्यांमधून द्यावी लागते. तिसरी गोष्ट पुष्कळ यजमानांनाही ठाऊक नसते : यजमान कोणाचाही आवाज बंद करू शकतो, परंतु तो एरवी परस्पर सुरू करू शकत नाही. यजमान फक्त विनंती पाठवतो, ती समोरच्याच्या पडद्यावर उमटते आणि तेथे त्यानेच ‘अनम्यूट’ दाबावे लागते. म्हणून “मी तुमचा आवाज सुरू करतो” असे म्हणण्याऐवजी “तुमच्या पडद्यावर आता एक चौकट आली असेल, तिच्यावर बोट ठेवा” असे सांगावे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, त्याला कारण आहे. २०२० मध्ये एका शोकसभेचे यजमानपद माझ्याकडे होते. दिवंगत गृहस्थांच्या वृद्ध भगिनी दूरच्या गावाहून सभेला आल्या होत्या, त्यांचे ओठ हलताना आम्हा सर्वांना दिसत होते, आणि त्यांना काय करायचे ते मला नीट सांगता न आल्यामुळे त्या न बोलताच सभा संपली. तेव्हापासून नव्या सभासदाला मी आदल्या दिवशी दोन मिनिटांसाठी स्वतंत्रपणे बोलावून घेतो आणि त्याच्याकडून एकदा आवाज बंद-सुरू करवून घेतो. ज्यांचे इंटरनेट कमजोर आहे त्यांना चित्र बंद ठेवण्यास सांगावे. झूमने दिलेल्या आकड्यांनुसार नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट लागतात, तर चांगल्या प्रतीच्या चित्राला ६०० किलोबिट किंवा त्याहून अधिक. चित्र नसले तरी चर्चा होते, आवाज नसला तर काहीच होत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला निम्मे सभासद क्लबहाउसमध्ये असतात आणि परगावी राहणारे ऑनलाइन येतात. गेल्या वर्षी सभागृहातील आवाज इतका घुमला, शिट्ट्या वाजल्या, की ऑनलाइन सभासद वैतागून निघून गेले. शिवाय ठरावांवर त्यांचे मत कसे घ्यावे यावरूनही वाद झाला. (सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे)

उत्तर : काही माणसे सभागृहात आणि काही पडद्यावर, अशी मिश्र सभा पूर्ण ऑनलाइन सभेपेक्षा कितीतरी अवघड असते. आपल्याकडे काय झाले असावे, याचा अंदाज करता येतो. प्रत्येक लॅपटॉप किंवा फोन स्वतःच्या स्पीकरमधून निघणारा आवाज ओळखतो आणि माइकमध्ये परत शिरलेला तोच आवाज वजा करून टाकतो. यालाच प्रतिध्वनी काढणे म्हणतात. परंतु शेजारच्या खुर्चीवरील सभासदाने स्वतःच्या फोनवर तीच सभा उघडली असेल, तर त्या फोनमधून थोडा उशिरा निघणारा आवाज सचिवांच्या लॅपटॉपला परका असतो. तो त्याला कोणा माणसाचे बोलणे समजून पुढे पाठवतो, फोन पुन्हा तो वाजवतो आणि चक्र सुरू होते. म्हणूनच त्या सभासदाने नुसता माइक बंद करून भागत नाही, त्याच्या फोनचा स्पीकरही बंद असावा लागतो. एका खोलीत माइक आणि स्पीकर एकाच उपकरणाचा चालू राहील, हा नियम सभेच्या सुरुवातीलाच अध्यक्षांनी सांगावा आणि कार्यकारिणीतील एकाने खुर्च्यांमधून फिरून तो पाळला जातो आहे ना, हे पाहावे.

सभागृहात ध्वनिक्षेपक लावला असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याच्या अंगच्या माइकने साऱ्या सभागृहाचे बोलणे टिपण्याचा प्रयत्न करू नये. दहा फुटांवरचे बोलणे त्याला विहिरीतून आल्यासारखे ऐकू येते. साउंडवाल्याला आधीच सांगावे की हातातील माइकचा आवाज मिक्सरमधून तारेने लॅपटॉपकडे न्यायचा आहे आणि लॅपटॉपमधून येणारा ऑनलाइन सभासदांचा आवाज सभागृहाच्या स्पीकरवर सोडायचा आहे, परंतु हा दुसरा आवाज पहिल्यात मिसळून लॅपटॉपकडे परत जाता कामा नये. अनुभवी साउंडवाल्याला एवढे पुरते. याची चाचणी सभेच्या आदल्या संध्याकाळी, परगावच्या एखाद्या सभासदाला खरोखर जोडून घेऊन करावी. आपणच दुसऱ्या खोलीत जाऊन केलेल्या चाचणीत पुष्कळ दोष लपून राहतात.

सभा चालू असताना एका व्यक्तीने केवळ पडद्याकडे लक्ष द्यावे. कोणी हात वर केला, कोणी चॅटमध्ये काय लिहिले, हे तिने अध्यक्षांना सांगावे. हे काम सचिवांनी स्वतःकडे ठेवू नये, कारण त्यांना इतिवृत्त लिहायचे असते. प्रत्येक विषयावर पहिली संधी ऑनलाइन सभासदांना द्यावी. सभागृहातील माणूस उभा राहून लक्ष वेधून घेतो, पडद्यावरच्या माणसाला ती सोय नसते, आणि चर्चा रंगल्यावर तो हमखास विसरला जातो. माइक न घेता कोणी बोललेच, तर अध्यक्षांनी ते वाक्य माइकवर पुन्हा म्हणावे.

मतदानाविषयी सांगायचे तर, वाद नको असेल तेथे फ्लॅट क्रमांक पुकारून एकेका ऑनलाइन सभासदाचे तोंडी मत घ्यावे आणि ते लगेच इतिवृत्तात नोंदवावे. पडद्यावरील नाव बदलून ‘बी-४०३’ असा क्रमांक आणि आडनाव ठेवण्यास सर्वांना सांगितले, तर हजेरीही सोपी होते आणि सभासद नसलेली घरातील व्यक्ती मत देत नाही ना, हेही पाहता येते. मात्र ऑनलाइन उपस्थिती गणपूर्तीत धरावी की नाही आणि अशा मतांवर ठराव संमत मानावा की नाही, हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नसून कायद्याचा आहे. सभेची नोटीस काढण्यापूर्वी उपनिबंधक कार्यालयाकडून त्याविषयी लेखी मार्गदर्शन घ्यावे. कार्यकारिणीची निवडणूक मात्र अशा सभेत हात वर करून उरकू नये, हा माझा ठाम सल्ला आहे.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन व्याख्यानात एका अनोळखी माणसाने शिरून अश्लील चित्रे दाखवली. श्रोत्यांत शाळकरी मुलेही होती. पुढचे व्याख्यान घेण्याचे धाडस होत नाही. (ग्रंथपाल, नाशिक जिल्हा)

उत्तर : व्याख्यानमाला थांबवू नये, ही पहिली विनंती. असे प्रकार २०२० च्या टाळेबंदीत जगभर झाले. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमच्या वापराविषयी जी सूचना प्रसिद्ध केली, तिच्यातही प्रतीक्षा कक्ष सुरू ठेवणे, पासवर्ड लावणे, पडदा दाखवण्याचा अधिकार केवळ यजमानाकडे ठेवणे आणि सर्व जण आल्यावर सभेला कुलूप लावणे, हेच उपाय होते. ते आजही पुरेसे आहेत. आपल्या बाबतीत बहुधा दोन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात : दुवा जाहीरपणे समाजमाध्यमांवर टाकला गेला आणि पडदा दाखवण्याची मुभा सर्वांना राहिली. निमंत्रण सर्वत्र पाठवावे, परंतु दुवा नाव नोंदवणाऱ्यांनाच द्यावा. खात्याबरोबर मिळणारा कायमचा वैयक्तिक सभा क्रमांक सार्वजनिक कार्यक्रमासाठी वापरू नये. प्रत्येक व्याख्यानासाठी नवा क्रमांक तयार करावा.

एवढे करूनही कोणी घुसलेच, तर यजमानाचा हात कोठे जायला हवा हे आधी ठरलेले असावे. झूममध्ये ‘सिक्युरिटी’ किंवा ‘होस्ट टूल्स’ या बटणाखाली सर्वांच्या हालचाली स्थगित करण्याचा पर्याय आहे. तो दाबताच प्रत्येकाचे चित्र, आवाज, चॅट आणि पडदा दाखवणे एकदम थांबते. मग शांतपणे त्या व्यक्तीला बाहेर काढता येते. हे बटण शोधण्याचा सराव ग्रंथपालांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने आधी करून ठेवावा. मुलांच्या पालकांना झाल्या प्रकाराविषयी मोकळेपणाने कळवावे आणि सायबर पोलिसांकडे तक्रारही नोंदवावी. १९३० हा दूरध्वनी क्रमांक आर्थिक फसवणुकीच्या तक्रारींसाठी आहे, म्हणून आपली तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात करावी.

प्रश्न : सभेचे ध्वनिचित्रमुद्रण करताना प्रत्येकाची परवानगी घ्यावी लागते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घ्यावी. सॉफ्टवेअर स्वतःहून सूचना दाखवते, पण तेवढ्यावर विसंबू नये. मुद्रण कशासाठी, ते कोणाकडे राहील आणि केव्हा पुसले जाईल, हे यजमानाने तोंडी सांगावे, आणि ज्यांना नको असेल त्यांना चित्र बंद ठेवून बसू द्यावे. इतिवृत्त नीट लिहिणारा माणूस असेल तर मुद्रणाची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. पुण्यातील आमच्या जुन्या भजनी मंडळाबरोबर शनिवारी ऑनलाइन भजन करते. एकत्र गाताना सगळे बेताल होते, आणि तानपुरा तर काही क्षणांत नाहीसाच होतो. अधिक वेगवान इंटरनेट घेतले तर फरक पडेल का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : पडणार नाही, आणि आपण त्यावर खर्च करू नये म्हणून कारण सविस्तर सांगतो. देवळात टाळकऱ्यांच्या दोन रांगा पाच मीटर अंतरावर असल्या, तर एकीचा आवाज दुसरीपर्यंत सुमारे १५ मिलिसेकंदांत पोहोचतो. हा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की गाणारे एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय ओढली जाते. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतरच सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, आणि इंटरनेटच्या तारांमधील काचतंतूतून आवाज ज्या प्रकाशाच्या रूपात जातो, तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाटेत कोठेही न थांबता सरळ रेषेत गेला तरी आवाजाला एका बाजूने ६० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागणारच. प्रत्यक्षात तार वळणे घेत जाते आणि सॉफ्टवेअरलाही आवाज बांधण्या-उलगडण्यास वेळ लागतो, म्हणून तो बराच वाढतो. दोन्ही टोकांना एकाच वेळी समेवर येणे या अंतरावर शक्य नाही.

तानपुऱ्याचे कारण निराळे आहे आणि त्यावर उपाय आहे. पंख्याची घरघर काढून टाकण्यासाठी सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून गाळते, आणि तानपुऱ्याचा षड्ज त्याच चाळणीत सापडतो. पेटीचा लांबवलेला सूरही असाच तुटतो. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय आहे, तो सुरू करावा. त्यामुळे आवाज गाळला जात नाही. मात्र हेडफोन लावणे मग आवश्यक ठरते. गूगल मीटमध्ये आवाज गाळण्याची सोय बंद करता येते.

गाण्याची रीत मात्र बदलावी लागेल. पुण्यात पेटी, तबला आणि गाणारी एक व्यक्ती असावी, त्यांचाच आवाज सुरू असावा, आणि बाकीच्यांनी आपापल्या घरी आवाज बंद ठेवून त्यांच्यामागे म्हणावे. पुढच्या अभंगाला आपण न्यू जर्सीहून गावे, तेव्हा तानपुरा आपल्याच खोलीत असावा आणि पुणेकरांनी मागे म्हणावे. आणखी एक : अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, त्यामुळे पुण्यातील रात्री आठची वेळ आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ होते. त्या आठवड्यांत मंडळाला आदल्या दिवशी एक निरोप पाठवून ठेवावा.