हसू कोणावर रोखायचे

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा मी लक्षपूर्वक वाचली. धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थेवर विनोदी चित्रपट लिहावा असे तुला या वयात वाटले, याचा मला मनापासून आनंद झाला. यात पुरेसे धाडस आहे का, असे तू विचारले आहेस. धाडस भरपूर आहे. मला उणीव जाणवली ती नेमकेपणाची, आणि हे पत्र त्याविषयीच आहे.

तुझ्या सुरुवातीच्या पानांत महाराज, त्यांचे शिष्य, पोथी, प्रार्थना, रांगेत उभे असलेले भाविक आणि खुद्द देव या सर्वांची थट्टा एकाच सुरात होते, त्यामुळे तुझा राग नेमका कशावर आहे हे वाचणाऱ्याला उमगत नाही. या दृष्टीने मॉन्टी पायथन या ब्रिटिश गटाचा १९७९ सालचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ तू पुन्हा पाहावास, आणि विशेषतः त्यातील प्रवचनाचे दृश्य. येशू टेकडीवरून बोलत आहे आणि ते चित्रण पूर्णपणे गंभीर आहे. त्याच्या तोंडी एकही विनोद नाही. मग कॅमेरा मागे मागे सरकत गर्दीच्या टोकाला येतो, जिथे शब्द धड ऐकू येत नाहीत. शांतता नांदवणारे धन्य होत, या वचनाऐवजी तिथल्या माणसांना ‘चीज बनवणारे धन्य होत’ असे ऐकू येते, आणि एक गृहस्थ तत्परतेने खुलासा करतो की हे शब्दशः घ्यायचे नाही, दुग्धजन्य पदार्थ तयार करणारे सगळेच त्यात येतात. वक्ता आणि शेवटची रांग यांच्यामधल्या त्या अंतरातच भाष्यकार जन्माला येतो, त्याच्यामागून अधिकार येतो आणि अधिकारामागून संस्था येते. विनोद त्या अंतरावर रोखलेला आहे. पुढे लोक ज्याला चुकून तारणहार समजतात तो ब्रायन जमावापासून पळत असताना त्याच्या पायातले एक पायताण मागे राहते. काही जण ती खूण मानून प्रत्येकाने एकच पायताण घालावे असे म्हणू लागतात, तर काही जण त्याच्याकडून आलेल्या भोपळ्याला पवित्र मानतात, आणि आपल्या डोळ्यांदेखत पंथ फुटतो. पंथभेदाची प्रक्रिया इतक्या थोडक्यात आणि इतकी स्पष्ट मांडलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

हा चित्रपट सुखासुखी पडद्यावर आला नाही, हेही तू लक्षात घे. ईएमआय या कंपनीने ऐन वेळी पैसा काढून घेतला आणि बीटल्स या गटातले संगीतकार जॉर्ज हॅरिसन यांनी तो उभा केला. नॉर्वे आणि आयर्लंडमध्ये त्यावर बंदी आली. बीबीसीवरील चर्चेत लेखक माल्कम मगरिज आणि साउथवर्कचे बिशप यांनी त्याच्यावर कडाडून टीका केली, मात्र ब्रायन आणि येशू या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत हे दाखवणारा सुरुवातीचा भागच त्या दोघांच्या पाहण्यात आला नव्हता, असे पुढे समोर आले. तू कितीही नेमके लिहिलेस तरी न पाहता संतापणारे राहणारच. त्यांच्या भीतीने एक ओळही बदलू नकोस. परंतु जो प्रेक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहणार आहे, त्याच्यापुढे तुझे प्रत्येक वाक्य खरे ठरले पाहिजे.

तुझा नायक धर्मगुरूचा वेश चढवतो, ही कल्पना मला आवडली. ती जुनी आहे, म्हणून संकोच बाळगू नकोस. चार्ली चॅप्लिनच्या १९२३ सालच्या ‘द पिलग्रिम’मध्ये तुरुंगातून पळालेला कैदी पाद्र्याचे कपडे घालतो आणि नव्या पाद्र्याची वाट पाहणाऱ्या गावात जाऊन पोचतो. दानपेट्या हातात आल्यावर तो दोन्हींचे वजन अजमावून बघतो, आणि प्रवचनात बायबलमधली डेव्हिड व गोलायथची गोष्ट नुसत्या हावभावांनी अशी रंगवतो की एक लहान मुलगा टाळ्या पिटतो. जवळजवळ हीच मांडणी २००४ साली इराणचे दिग्दर्शक कमाल तबरीझी यांनी ‘मारमूलक’मध्ये केली. त्यातील चोर मुल्लाच्या वेशात निसटतो, सीमेजवळच्या एका गावात लोक त्याला आपला नवा मुल्ला समजतात, आणि त्याची रांगडी, चोराच्या जगातली भाषा ऐकायला मशीद भरू लागते. प्रेक्षकांनी गर्दी केलेला तो चित्रपट काही आठवड्यांतच तिथल्या चित्रपटगृहांतून उतरवला गेला. या दोन्ही कथांत गावकरी मूर्ख नाहीत. त्यांना कोणीतरी हवे असते, आणि त्यांच्या त्या गरजेपोटी अंगावरच्या कपड्यांना अधिकार मिळतो. वेशाखालचा माणूस मात्र लोकांच्या विश्वासामुळे थोडा थोडा बदलत जातो. तुझ्या नायकात असा काहीच बदल होत नाही. तो पहिल्या दृश्यात जेवढा चलाख आहे तेवढाच शेवटीही आहे, आणि त्यामुळे मध्यंतरानंतर त्याच्याविषयी कुतूहल उरत नाही.

लबाड बाबाच्या गोष्टीत आणखी एक धोका असतो. बाबा खोटा होता असे शेवटी सिद्ध केले की प्रेक्षक सुटकेचा श्वास घेतो, कारण खरा बाबा कुठेतरी असेल अशी वाट त्याच्यासाठी मोकळी राहते. सत्यजित राय यांच्या १९६५ सालच्या ‘महापुरुष’मध्ये बिरिंचीबाबा सूर्याला उगवण्याची आज्ञा देतो, आणि आपला प्लेटोशी व आइन्स्टाइनशी परिचय असल्याचे सांगतो. हे सारे अतिशय गमतीचे आहे, पण माझ्या मते चित्रपटाला वजन येते ते त्याच्या जाळ्यात सापडलेल्या गुरुपद या वकिलामुळे. तो शिकलेला आहे, आणि त्याची पत्नी वारली आहे. बुद्धी असलेला माणूस दुःखाच्या वेळी कशाचा आधार घेतो, हे तिथे सहानुभूतीने पाहिलेले आहे.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ने (२०११) तर लबाड बाबाची गरजच ठेवली नाही. केश्याला झाडाखाली दत्त दिसतो आणि तो अगदी प्रामाणिक आहे; गावात इस्पितळ व्हावे ही अण्णांची तळमळही प्रामाणिक आहे. तरीही देऊळ उभे राहते, कारण त्यात दुकानदार, पुढारी आणि रिकामी फिरणारी पोरे अशा प्रत्येकाचा थोडा थोडा लाभ आहे. खलनायक शोधूनही सापडत नाही, म्हणून प्रेक्षकाला स्वतःकडे पाहावे लागते. या दिशेने तू विचार करावास असे मला फार वाटते.

भाषणांविषयी थोडक्यात सांगतो. ‘ओ माय गॉड’ (२०१२) आणि ‘पीके’ (२०१४) या दोन्ही लोकप्रिय चित्रपटांचे बळ त्यांतील साध्या प्रश्नांत आहे: भूकंपाने दुकान पडले आणि विमा कंपनी ती देवाची करणी म्हणते, तर भरपाई कोणाकडे मागायची? नारळ घेऊन चर्चमध्ये गेलेल्या परग्रहवासीयाचे नेमके काय चुकले? असे प्रश्न घरी गेल्यावरही मनात राहतात. न्यायालयात किंवा दूरचित्रवाणीच्या मंचावर पात्रे उत्तरे देऊ लागली की मात्र दिग्दर्शकाचा प्रेक्षकावरचा विश्वास कमी झाल्यासारखे वाटते. याउलट स्पॅनिश दिग्दर्शक लुई बुन्युएल यांच्या ‘सिमॉन ऑफ द डेझर्ट’मध्ये (१९६५) चमत्काराने तुटलेले हात परत मिळालेला माणूस त्याच हाताने लगेच आपल्या मुलीला फटका मारतो. त्यावर कोणीही भाष्य करत नाही. बुन्युएल जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळेत शिकलेले होते, आणि इतका अचूक प्रहार करायला असा आतला परिचय लागतो.

आता तुझ्या पुढच्या खर्ड्याविषयी. नायकाचे शेवटचे चार पानी भाषण काढून टाक आणि त्याची जागा लगेच दुसऱ्या कशाने भरू नकोस. रोज येऊन मागच्या खांबापाशी बसणारी वृद्धा तू दोनदा विनोदासाठी वापरली आहेस. ती तिथे का येते हे आधी स्वतःसाठी लिहून काढ, मग तिच्यावरचे दोन्ही विनोद ठेवायचे की नाही ते ठरव. संस्थेचा हिशेबनीस तुझ्याकडे एका ओळीपुरता आला आहे. तो श्रद्धाळू आहे, पगारावर आहे आणि त्याला सगळे आकडे ठाऊक आहेत, तेव्हा त्याला किमान तीन प्रसंग दे. नवा खर्डा तयार झाला की पाठव, मी वाट पाहत आहे.

तुझा हितचिंतक