"एवढं शिकवलं ते शिडीवर चढायला?"

प्रश्न : काका, मी एकतीस वर्षांची आहे. वडील नाशिकरोडला पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं केलं त्यांनी. त्याच पैशांवर मी मुंबईत उपयोजित कला शिकले. आठ वर्षं एका स्टुडिओत मालिकांची आणि जाहिरातींची शीर्षकं करतेय, पगार बरा आहे. संक्रांतीला घरी आले तेव्हा बाबा एका रसवंतीची पाटी रंगवत होते. मी शिडी धरून उभी राहिले, आणि तेव्हापासून स्टुडिओत मन लागत नाही. नाशिकला येऊन त्यांच्या हाताखाली शिकावं, तेच काम पुढे न्यावं असं वाटतं. बाबांना हे सांगितलं तर जेवता जेवता ताटावरून उठले. "एवढं शिकवलं ते शिडीवर चढायला?" आई म्हणते, आधी लग्नाचं बघ. तुम्हीही मुंबई सोडून आलात ना? मी चुकतेय का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : रसवंती वाचून हसलो. माझ्या वडिलांनी रंगवलेली शेवटची पाटीही रसवंतीचीच, मालेगाव स्टँडजवळची. मालकाला 'उस' हवा होता. वडिलांनी दीर्घ 'ऊ' काढला आणि त्यापायी वीस रुपये कमी घेतले.

बाबांच्या उठून जाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. मे महिन्यात अंबडच्या कारखान्यात तापलेल्या पत्र्यासमोर उभं राहून ज्याने अक्षरं काढली, त्याला आपल्या पोरीने त्याच शिडीवर चढावं असं कसं वाटेल? माझे वडील तर चार दिवस बोलले नव्हते. पाचव्या दिवशी बोलले ते एवढंच, "टर्पेन्टाइन संपलंय, घेऊन ये."

आता माझं. लोकांना मी मातीच्या ओढीची गोष्ट सांगतो, व्याख्यानात ती बरी दिसते. तुला खरं सांगतो. 1989 साली पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो, जे. जे.त उपयोजित कला शिकलो. वर्गात कुणी विचारलं तर वडील 'जाहिरातीच्या क्षेत्रात' आहेत असं सांगायचो. पेंटर म्हणायला जीभ वळत नसे. पुढे पंधरा वर्षं एजन्सीत काढली. 2009 मध्ये आमचा विभागच बंद झाला आणि त्याच महिन्यात वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. भाडं परवडेना म्हणून पंचवटीतल्या घरी आलो. ओढ लागली ती नंतर.

लागली कशी, ते सांगतो. अडतिसाव्या वर्षी वडिलांनी मला पहिले तीन महिने फक्त शिरोरेषा मारायला लावली. इंग्रजी अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं, आपलं वरच्या रेषेला लोंबतं. म्हणून दोरी आधी वरची. सुतळीला गेरू चोळायचा, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, मधोमध चिमटीत धरून सोडायची. पत्र्यावर टप्पकन लाल रेघ उठायची. मग काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळून ती पत्र्याला टेकवायची, तिच्यावर मनगट ठेवायचं आणि खारीच्या केसांचा ब्रश एका श्वासात डावीकडून उजवीकडे न्यायचा. मध्ये श्वास घेतला की रेघेला गाठ येते. मला दिसायची नाही, त्यांना ऑपरेशन झालेल्या डोळ्यानेही दिसायची.

अंतराचं तर विचारू नकोस. एजन्सीत मी कॉम्प्युटरला सांगून अक्षरं सारखी लावायचो. वडील म्हणाले, "सारखी लाव, पण डोळ्याला सारखी लाव. पट्टीला नको." एका पिठाच्या गिरणीच्या पाटीवर मी 'रवा' लिहिला आणि 'र' नि 'व' जरा जवळ आले. तिसऱ्या दिवशी मालक आला, "माझ्या गिरणीवर 'खा' का लिहिलंय?" तू शीर्षकं करतेस, हे तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल. मुंबईची आठ वर्षं वाया गेली असं मनात आणू नकोस. डोळा तिथेच तयार झालाय, हात मात्र बाबांकडेच तयार होईल.

आता पैशांचं. तू पत्रात पगाराबद्दल एक वाक्य लिहिलंस, मी चार लिहितो. 2003च्या सिंहस्थात वडिलांना साधुग्रामातली कामं रात्रंदिवस होती, घरात रंगाचे डबे ठेवायला जागा नव्हती. 2015च्या सिंहस्थात नजर जाईल तिथे फ्लेक्स. तासाभरात छापून मिळतो, स्वस्त पडतो, उन्हाने उडाला तर दुसरा लावतात. 2022 साली दुकाने-आस्थापना कायद्यात झालेल्या दुरुस्तीने राज्यातल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. देवनागरी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान चालत नाही. 2023च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मी दोन जादा शिड्या घेऊन ठेवल्या. मेन रोडवर रातोरात मराठी आलीही, पण ॲक्रिलिकची आणि दिव्यांची. शिड्या अजून कोऱ्या आहेत.

आजही माझं घर पाट्यांवर चालत नाही. पुस्तकांची मुखपृष्ठं, लग्नपत्रिका, एकदोन नाटकांची शीर्षकं, सगळं मुंबई-पुण्याचं काम नाशिकात बसून करतो. रंगाच्या पाट्या महिन्याला तीन, चांगला महिना असेल तर पाच. कॉलेज रोडच्या कॉफीवाल्यांना अलीकडे हाताच्या अक्षरांची हौस आलीय, ते पैसे चांगले देतात. रसवंतीवाला घासाघीस करतो. वडिलांना दुसरा जास्त आवडायचा, मलाही आवडतो.

म्हणून लगेच राजीनामा देऊ नकोस. स्टुडिओला विचार, आठवड्यातून तीन दिवस घरून काम चालेल का. चाललं तर गुरुवारी रात्री नाशिकरोडला उतर. बाबांची वही माग, कुणाचं काम, किती फूट, किती रुपये लिहिलेली. पेंटर लोक ठेवतात. मागच्या बारा महिन्यांत किती पाट्या झाल्या ते मोज. आकडा बघून निराश झालीस तरी चालेल, पण आधी बघ. आणि बाबांशी बोलताना 'वारसा' हा शब्द काढू नकोस. मी काढला होता. "वारसा मेलेल्या माणसाचा असतो," म्हणाले. त्यांना सरळ विचार, "बाबा, परवाच्या कामाला दोरी धरायला येऊ?" याला नाही म्हणणारा पेंटर मी पाहिलेला नाही, कारण दोरीला दुसरं माणूस लागतंच.

एक गोष्ट मात्र आजच कर. त्यांचे कागदी साचे असतील, टाचणीने भोकं पाडलेले, वरून कोळशाची पुरचुंडी आपटली की गणपती किंवा नंदी पत्र्यावर उमटतो. ते माळ्यावर असतील तर खाली काढ, एकेकाचा फोटो घे. 2019च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पुरात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर वडिलांच्या साच्यांची पेटी होती. चाळीस वर्षांचं काम लगदा होऊन निघालं. वडील तेव्हा नव्हते, हेच बरं म्हणायचं.

दादासाहेब फाळक्यांचं नाव नाशिकात कुणीही कशालाही घेतं, मीही घेतो. त्र्यंबकेश्वरचा मुलगा, 1885 साली जे. जे.त गेला, पुढे बडोद्याला चित्रकला, मग फोटोग्राफी, छपाई, आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केल्यावर कंपनी घेऊन नाशिकला आला. ओढीने आले की सोयीने, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आले ते मात्र मुंबईत शिकलेलं सगळं बरोबर घेऊन.

लग्नाचं आईशी तू बघ, त्यात मला पाडू नकोस.

प्रश्न : आमच्या सिन्नरच्या दुकानावर आजोबांच्या काळातली हाताने रंगवलेली पाटी आहे. रंगाचे पोपडे निघतायत. वरून तशाच अक्षरांत नवा रंग द्यावा का?
– एक दुकानदार, सिन्नर

उत्तर : देऊ नका. नव्या रंगाखाली जुन्या पेंटरचा हात कायमचा जाईल. पोपडे नखाने ओढू नका, टर्पेन्टाइन लावू नका. जिथे रंग घट्ट आहे तिथेच ओल्या मऊ फडक्याने धूळ टिपा. मग ट्रेसिंग पेपर हलक्या हाताने धरून अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या, गाठी आणि चुकांसकट. पाटी दुकानात आत, सावलीला लावा. बाहेरची नवी करायची तर ट्रेसिंग घेऊन या, दोरी धरायला मात्र कुणीतरी बरोबर आणा.