इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातला प्रीपेमेंट वीज-गॅस मीटर काढून बिलाचा मीटर कसा करून घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेस्टरमध्ये भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलात. विजेच्या मीटरला चावी आहे, गॅसच्या मीटरला कार्ड, आणि दोन्ही दुकानात नेऊन भरावी लागतात, म्हणजे आधी पैसे भरा, मग वापरा (प्रीपेमेंट). हे बंद करून महिन्याला बिल येईल असा मीटर मिळेल का, घरमालकाची परवानगी लागते का आणि खर्च किती?

मिळेल. वीज-गॅसचे पैसे तुम्ही थेट कंपनीला भरत असाल, तर कंपनी कोणती हे ठरवायचा हक्क तुमचा आहे आणि मीटर बदलून मागायचाही. बहुतेक मोठ्या कंपन्या या बदलाचे पैसे घेत नाहीत. इथे ज्याला क्रेडिट मीटर म्हणतात तो म्हणजे आपल्याकडे महावितरणचं बिल येतं तोच प्रकार: आधी वापरा, मग भरा.

अर्ज करण्याआधी दराचा एक गैरसमज दूर करायला हवा. ‘प्रीपेमेंट महाग पडतं’ हे वर्षानुवर्षं खरं होतं, आता नाही. एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने, म्हणजे इथल्या वीज-गॅस नियामकाने, प्रीपेमेंट आणि डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून दरमहा आपोआप पैसे जाणं) यांच्या स्टँडिंग चार्जमधला, म्हणजे रोजच्या स्थिर आकारातला, फरक काढून टाकला. जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत सरासरी वापराच्या घरासाठी वर्षाची दरमर्यादा (ऑफजेमने ठरवलेल्या कमाल दराने होणारं बिल) डायरेक्ट डेबिटवर १,७३८ पौंड, प्रीपेमेंटवर १,६९० पौंड आणि बिल आल्यावर हाताने भरणाऱ्यांसाठी १,८५१ पौंड होती. म्हणजे मीटर बदललात आणि डायरेक्ट डेबिट लावला नाहीत, तर तुम्ही सर्वांत महागड्या गटात जाता. हे अनेकांना पहिल्या बिलानंतर कळतं. मीटर बदलायचा तो डायरेक्ट डेबिट लावायच्या तयारीनेच बदला.

मग फायदा कशात आहे? ठरावीक मुदतीचे फिक्स्ड दर आणि रात्री स्वस्त वीज देणारे दर बहुतांशी क्रेडिट मीटरवाल्यांनाच मिळतात. हिवाळ्याचा खर्च बारा महिन्यांत विभागला जातो. आणि जानेवारीच्या थंडीत पैसे संपले म्हणून हीटिंग बंद पडत नाही. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे. याउलट दर आठवड्याला किती खर्च होतो हे डोळ्यांसमोर ठेवूनच तुमचा हिशोब जमत असेल, तर आहे तो मीटर राहू द्यायला काहीच हरकत नाही.

आता पहिलं काम, आणि ते आजच करा: आधीच्या भाडेकरूची चावी किंवा कार्ड वापरू नका. तुम्ही भरलेले पैसे त्याच्या खात्यावर जमा होतात, आणि मीटरवर त्याची थकबाकी चढवलेली असेल तर तुमच्या टॉप-अपमधून दर आठवड्याला तिचा हप्ता कापला जातो. दहा पौंड भरून मीटरवर सहाच दिसले, तर हेच चाललं आहे असं समजा. कंपनीला फोन करून घराचा ताबा कोणत्या तारखेला मिळाला ते सांगा, टेनन्सी कराराचं पहिलं पान पाठवा आणि तुमच्या नावाची नवी चावी व कार्ड मागा. ताबा घेण्याआधीची थकबाकी तुमच्यावर येत नाही, पण ती मीटरवरून काढायला तुम्हालाच सांगावं लागतं.

कंपनी कोणती हेच माहीत नसेल तर लेटिंग एजंटला (मालकाच्या वतीने घर भाड्याने देणाऱ्याला) विचारा. गॅसची कंपनी ‘फाइंड माय सप्लायर’ या संकेतस्थळावर पिनकोड टाकून सापडते, विजेची तुमच्या भागातल्या तारा सांभाळणारी वितरण कंपनी सांगते. दोन्ही पुरवठे वेगवेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात. विजेच्या जोडणीचा क्रमांक १३ आकडी असतो, त्याला एमपॅन म्हणतात. गॅसचा ६ ते १० आकडी, तो एमपीआरएन. मीटरवर छापलेला अनुक्रमांक वेगळा. तिन्ही आकडे लिहून ठेवा. फ्लॅटच्या इमारतीत शेजाऱ्याच्या मीटरचं बिल आपल्याला येण्याचा घोळ याच आकड्यांनी सुटतो.

त्यानंतर मीटर नीट बघा. कार्ड मीटरच्या फटीत घालावं लागतं की दुकानात फक्त स्कॅन होतं? फटीत जात असेल तर मीटर जुना आहे आणि तो काढून नवा बसवावा लागेल. कार्ड फक्त दुकानात स्कॅन होत असेल किंवा ॲपवरून पैसे भरता येत असतील तर मीटर स्मार्ट आहे, आणि प्रीपेमेंटवरून क्रेडिटवर तो दुरूनच बदलता येतो. कुणाला घरी यायची गरज नसते. तुमच्या वर्णनावरून तुमचे दोन्ही मीटर जुने वाटतात.

घरमालकाबद्दल. परवानगी आणि कळवणं यांत फरक आहे. करारात मीटरबद्दल काही अट आहे का ते वाचा आणि बदलाआधी एजंटला ईमेल करा. घर सोडताना मीटर पूर्ववत करून द्यावा लागू शकतो, हीच मालकाची खरी काळजी असते. तिथे हे सांगा की आता बसेल तो स्मार्ट मीटर असेल आणि पुढच्या भाडेकरूसाठी तो दुरूनच पुन्हा प्रीपेमेंटवर नेता येतो. बहुतेक आक्षेप इथेच संपतात. वीज-गॅसचे पैसे भाड्यातच धरलेले असतील, तर मात्र निर्णय मालकाचा.

कंपनी बहुधा तुमचा क्रेडिट चेक करील, म्हणजे कर्जं-बिलं वेळेत फेडल्याचा इतिहास तपासेल, आणि भारतातून नव्याने आलेल्यांचं घोडं इथेच अडतं. तुमचा इतिहास वाईट नसतो, तो मुळात नसतोच. यावर एक उपाय आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही: भारतीय नागरिक कॉमनवेल्थ नागरिक असल्यामुळे वैध व्हिसावर राहत असताना युकेच्या मतदारयादीत नाव नोंदवू शकतात. विद्यार्थी आणि स्किल्ड वर्कर व्हिसावरही. नाव नोंदलं की पत्त्याचा पुरावा क्रेडिट फाइलवर (या इतिहासाच्या नोंदीवर) चढतो. तोपर्यंत कंपनीने नकार दिला तर डिपॉझिट घेऊन मीटर बदलता येईल का, असं स्पष्ट विचारा. वर्षभर बिलं वेळेत भरली की ते परत मागता येतं. तरीही नाहीच म्हणाले, तर दुसरी कंपनी धरा. तुमची स्वतःची थकबाकी असली तरी ती प्रत्येक इंधनामागे ५०० पौंडांपर्यंत असेल तर प्रीपेमेंटवाल्याला ती सोबत घेऊन कंपनी बदलता येते.

क्रमाचं मात्र भान ठेवा. जुना मीटर असताना एखाद्या आकर्षक फिक्स्ड दराला ऑनलाइन अर्ज केला तर तो सहसा अडकतो, कारण दर मीटरच्या प्रकाराशी जोडलेला असतो. आधी आहे त्या कंपनीकडून मीटर बदला, एखादं बिल येऊ द्या, मग दरांची तुलना करा.

मीटर बदलायच्या दिवसासाठी सज्ञान माणूस घरी हवा. मीटरच्या कपाटासमोरचं सामान, सायकल, इस्त्रीचं टेबल सगळं हलवा. नीट पोहोचता आलं नाही म्हणून तंत्रज्ञ काम न करता परत गेला, असं फार वेळा घडतं. वीज आणि गॅस प्रत्येकी साधारण अर्धा ते एक तास बंद राहतो. दोन्ही मीटरवर भरलेल्या पैशांतली थोडीच शिल्लक उरेल असं बघा, आणि बटण दाबत जाऊन प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा: वाचन, शिल्लक, थकबाकी. उरलेली शिल्लक नव्या खात्यावर जमा व्हायला हवी. ती राहून गेली तर हा फोटोच तुमचा पुरावा.

काम अडतं ते बहुधा तीन कारणांनी. मीटरमागचा बोर्ड जुना असून त्यात ॲस्बेस्टॉस असल्याचा संशय येतो. मीटर ते फ्यूजबॉक्स या वायरी खराब असतात. किंवा गॅसची गळती-चाचणी नापास होते. पहिल्या दोन बाबतींत काम पुढे ढकललं जातं, आणि फ्यूजबॉक्सकडच्या वायरी दुरुस्त करणं हे मालकाचं काम. गॅस गळत असेल तर मात्र पुरवठा तिथल्या तिथे बंद होतो आणि गॅस सेफ नोंदणी (गॅसचं काम करायची अधिकृत नोंदणी) असलेला माणूस दुरुस्ती करीपर्यंत चालू होत नाही. म्हणून ही तारीख शक्यतो कडाक्याच्या थंडीत घेऊ नका, आणि शुक्रवारी दुपारी तर नकोच. काम झाल्यावर तंत्रज्ञ निघण्याआधी बॉयलर पेटवून गरम पाणी येतं का बघा. बॉयलरचं घड्याळ मागे पडलेलं असतं, ते लावून घ्या. ठरलेल्या वेळी कुणी आलंच नाही, तर भरपाई मिळते. जानेवारी २०२५ पासून ती ४० पौंड आहे.

डायरेक्ट डेबिटची रक्कम कंपनी सांगेल ती डोळे झाकून मान्य करू नका. त्या जोडणीचा वर्षाचा अंदाजित वापर किती धरला आहे ते विचारा, किलोवॅट-तासांत. आधी तिथे पाच जण राहत असतील आणि तुम्ही दोघं, तर आकडा फुगलेला असणार. स्वतः ताडून बघायचं तर लक्षात ठेवा: गॅसचा मीटर घनमीटरमध्ये मोजतो, आणि एक घनमीटर म्हणजे सुमारे ११ किलोवॅट-तास. जुना मीटर शेकडा घनफुटांत मोजत असेल तर आधी २.८३ ने गुणा. गॅसचा बहुतेक वापर ऑक्टोबर ते मार्चमध्ये होतो. त्यामुळे उन्हाळ्यात खातं सुरू केलंत तर शिल्लक साठत जाईल, ती हिवाळ्यासाठी राहू द्या. ऑक्टोबरात सुरू केलंत तर पहिले काही महिने खातं उण्यात दिसेल. घाबरू नका, पण हप्ता कमीही करून घेऊ नका.

पहिल्या बिलावर नव्या मीटरचं सुरुवातीचं आणि जुन्याचं शेवटचं वाचन तुमच्या फोटोंशी ताडून बघा. जुळत नसेल तर लेखी तक्रार करा, ‘तक्रार’ हाच शब्द वापरून, आणि तारीख लिहून ठेवा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे (वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) विनामूल्य जाता येतं. कंपनीच्या चुकीमुळे बिलच निघालं नसेल तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही.

हे सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडमध्ये नियामक वेगळा आणि मीटरची पद्धतही वेगळी, त्यामुळे बेलफास्टमधल्या कुणी वाचत असेल तर यातले आकडे तिथे लावू नका.